राजघराण्यात गेलेली अभिनेत्री आणि तिच्यावरचा चित्रपट : पडद्यावर किती खरे, किती रचलेले

चित्रपटात काम करणारी स्त्री लग्न करून राजघराण्यात गेली, असे प्रसंग विसाव्या शतकात मोजकेच घडले. त्यांवर चित्रपट काढण्याचा उत्साह मात्र निर्मात्यांना पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. असे चित्रपट पाहताना प्रेक्षकाची एक अडचण होते. पडद्यावरची माणसे खरी असतात, गावे खरी असतात, सालेही बहुधा खरी असतात. पण त्या माणसांमध्ये घडणारे कोणते प्रसंग खरोखर घडले आणि कोणते पटकथाकाराने रचले, हे नुसता चित्रपट पाहून कळत नाही. ओलिव्हिए दहान यांचा २०१४ सालचा ‘ग्रेस ऑफ मोनॅको’ आणि श्याम बेनेगल यांचा २००१ सालचा ‘झुबेदा’ हे दोन चित्रपट समोर ठेवून ही गुंतागुंत उलगडून दाखवावी, असा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा कथांचा गाभा मुकुटात किंवा प्रेमात फारसा नसतो. कमावत्या, नावाजलेल्या स्त्रीचे काम सुटते, हा तो गाभा आहे. हे ज्या चित्रपटाच्या हातून निसटते, त्याला कथा पुढे नेण्यासाठी राजकारण उसने घ्यावे लागते, आणि मग इतिहास वाकवल्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

चरित्रपट दोन तऱ्हांनी रचले जातात. एक तऱ्हा जन्मापासून मृत्यूपर्यंतची, आणि दुसरी, आयुष्यातले एखादे वर्ष निवडून त्यातच सगळे आयुष्य दाखवू पाहणारी. पहिल्या तऱ्हेत प्रसंगांची नुसती रांग लागण्याचा धोका असतो, म्हणून अलीकडे पटकथाकार दुसरीकडे वळतात. पण एका वर्षात सगळे बसवायचे म्हणजे त्या वर्षाला एक मोठा पेचप्रसंग लागतो, त्या पेचाला शेवट लागतो, आणि तो शेवट नायिकेच्याच हातून व्हावा लागतो. प्रत्यक्ष आयुष्य असे चालत नाही. पेच एकाचा असतो, तो सोडवतात दुसरेच, आणि तेही बंद दाराआड, कागदपत्रांवर सह्या करून. चरित्रपट खोटे बोलू लागतो तो बहुधा या सांध्यावर.

‘ग्रेस ऑफ मोनॅको’ ज्या हॉलिवूड अभिनेत्रीवर आहे, त्या ग्रेस केलीचे आयुष्य आधी पाहू. १२ नोव्हेंबर १९२९ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तिचा जन्म झाला. वडील विटांच्या बांधकामाचे मोठे ठेकेदार होते आणि नौकानयनात त्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली होती. एमजीएम या स्टुडिओशी तिने सात वर्षांचा करार केला होता, आणि त्या काळातला असा करार ही एक प्रकारची पगारी नोकरीच असे : कोणत्या चित्रपटात काम करायचे हे स्टुडिओ ठरवणार, दुसऱ्या कंपनीला उसने द्यायचे की नाही हेही स्टुडिओ ठरवणार, आणि कलावंताने नकार दिला तर त्याला पगाराविना घरी बसवणार. ग्रेसने भूमिका नाकारल्यामुळे १९५५ च्या सुरुवातीला एमजीएमने तिला असे बसवलेही होते. त्याच सुमारास ‘द कंट्री गर्ल’साठी तिला ऑस्कर मिळाले, आणि तो चित्रपट दुसऱ्या कंपनीचा होता. आल्फ्रेड हिचकॉकबरोबर तिने केलेले तीनही चित्रपट याच दोनेक वर्षांतले आहेत. चित्रपट पाहण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यायला हवे, की ती नाजूक बाहुली नव्हती. मालकाशी भांडून आपल्या कामाची निवड स्वतः करू पाहणारी बाई होती.

मे १९५५ मध्ये ती कान चित्रपट महोत्सवासाठी फ्रान्समध्ये गेली असताना एका फ्रेंच साप्ताहिकाने मोनॅकोच्या राजवाड्यात तिची छायाचित्रे घेण्याचा बेत आखला, आणि तिथे तिची मोनॅकोचा राजा प्रिन्स रेनिए तिसरा याच्याशी भेट झाली. जानेवारी १९५६ मध्ये वाङ्निश्चय जाहीर झाला. त्यानंतरचे तीन महिने मला या सगळ्या कथेत सर्वांत बोलके वाटतात, कारण लग्न आणि चित्रीकरण यांच्यातली सीमारेषाच तिथे उरली नव्हती. ‘हाय सोसायटी’ हा तिचा शेवटचा चित्रपट त्याच दिवसांत चित्रित होत होता आणि त्यात तिच्या बोटात दिसणारी हिऱ्याची अंगठी रेनिएने दिलेली, खरी आहे. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘द स्वान’मध्ये ती युवराजाला दाखवण्यासाठी तयार केलेल्या राजकन्येच्या भूमिकेत होती. लग्नाचा पोशाख एमजीएमच्या वेशभूषाकार हेलन रोझ यांनी केला, स्टुडिओच्या शिवणखात्यातल्या स्त्रियांनी सुमारे सहा आठवडे खपून तो शिवला, आणि स्टुडिओने तो तिला भेट दिला. आज तो फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. कराराची काही वर्षे शिल्लक असताना एमजीएमने तिला जाऊ दिले खरे, पण १८ एप्रिलचा नोंदणी विवाह आणि १९ एप्रिलचा चर्चमधला विवाह चित्रित करून त्याचा माहितीपट त्यांनी काढला. म्हणजे कामावरून सुटण्याच्या दिवशीही ती कॅमेऱ्यासमोर होती, आणि तो कॅमेरा आधीच्याच मालकाचा होता. पटकथाकाराला याहून चांगला आरंभ रचून सुचला नसता. दहान यांचा चित्रपटही तिच्या सेटवरच्या अखेरच्या दिवसापासून सुरू होतो, पण तो क्षण नाजूकपणे दाखवून लगेच पुढे सरकतो.

आता मोनॅको. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, तीन बाजूंनी फ्रान्सने आणि चौथ्या बाजूने भूमध्य समुद्राने वेढलेले हे संस्थान दोन चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा राज्यातल्या लग्नाची जगाने दखल घ्यावी, यामागे नुसते सौंदर्य नव्हते. १९१८ साली फ्रान्स आणि मोनॅको यांच्यात झालेल्या तहात असे ठरले होते, की राजगादीला औरस किंवा दत्तक वारस न उरल्यास मोनॅको फ्रान्सच्या संरक्षणाखालचे राज्य होईल. आपल्याकडच्या वाचकाला डलहौसीचे धोरण आठवेल. फरक एवढा, की इथे दत्तक मान्य होता. त्यामुळे राजाने लग्न करणे आणि मूल होणे हा घरगुती प्रश्न नव्हता, राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. जानेवारी १९५७ मध्ये कॅरोलिन आणि मार्च १९५८ मध्ये आल्बर्ट यांचा जन्म झाला, तेव्हा मोनॅकोच्या लोकांनी केलेला जल्लोष या तहाच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. वारस नसला तरी मोनॅकोचे स्वातंत्र्य टिकेल, अशी तरतूद करणारा नवा तह थेट २००२ साली झाला.

दहान यांचा चित्रपट यातले काहीच निवडत नाही. तो निवडतो १९६२ हे वर्ष, कारण त्या वर्षात दोन गोष्टी खरोखरच एकत्र आल्या. पहिली अशी, की हिचकॉकने ग्रेसला ‘मार्नी’ या चित्रपटातली मुख्य भूमिका देऊ केली, ती तिने स्वीकारली, आणि मार्च १९६२ मध्ये राजवाड्याने तशी घोषणाही केली. लग्नानंतर सहा वर्षांनी ती कामावर परतणार होती. मोनॅकोच्या लोकांना हे रुचले नाही. आपली राणी पडद्यावर चोरीची सवय असलेल्या, मनाने दुखावलेल्या एका बाईची भूमिका करणार, परक्या नटाबरोबर प्रणयप्रसंग करणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. काही महिन्यांत तिने माघार घेतली. १९६४ साली तो चित्रपट टिपी हेड्रन या अभिनेत्रीला घेऊन प्रदर्शित झाला.

दुसरी गोष्ट कराची होती, आणि ती जरा सावकाश समजून घ्यायला हवी. मोनॅकोमध्ये १८६९ पासून रहिवाशांना प्राप्तिकर नाही. १९५० नंतर अनेक फ्रेंच नागरिकांनी आणि कंपन्यांनी याचा फायदा घ्यायला सुरुवात केली : व्यवसाय फ्रान्समध्ये करायचा, पत्ता मोनॅकोचा द्यायचा आणि कर चुकवायचा. अल्जीरियातल्या दीर्घ युद्धाने फ्रान्सच्या तिजोरीवर ताण आलेला होता, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांना हे डोळ्यांत सलत होते. निमित्त मात्र वेगळेच झाले. मोनॅकोतून चालणाऱ्या रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या व्यवसायातल्या समभागांवरून जानेवारी १९६२ मध्ये रेनिए आणि त्याचे मुख्य मंत्री एमिल पेलेतिए यांच्यात कडाक्याचे भांडण झाले. मोनॅकोचे हे मंत्रिपद त्या काळी फ्रान्सने सुचवलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याकडेच असे. म्हणजे नोकर राजाचा, पण निष्ठा पॅरिसशी. रेनिएने पेलेतिए यांना तडकाफडकी काढून टाकले, आणि फ्रान्सने हा आपला अपमान मानला. दोन्ही राज्यांमधला १९५१ चा करार सहा महिन्यांची मुदत देऊन फ्रान्सने मोडीत काढला. मुदत संपल्यावर, १२ ऑक्टोबर १९६२ च्या मध्यरात्री, फ्रेंच सीमाशुल्क अधिकारी मोनॅकोच्या वेशीवर येऊन उभे राहिले आणि येणारी-जाणारी वाहने तपासू लागले. ज्या राज्याला पाणी, वीज आणि भाजीपाला शेजारून मिळतो, त्याच्यासाठी हा इशारा पुरेसा होता.

शेवट कसा झाला? वाटाघाटींनी, आणि बराचसा फ्रान्सच्या मनासारखा. १८ मे १९६३ रोजी झालेल्या करारात असे ठरले, की १३ ऑक्टोबर १९६२ पूर्वीची पाच वर्षे मोनॅकोत राहत असल्याचे ज्या फ्रेंच नागरिकांना सिद्ध करता येणार नाही, त्यांनी फ्रान्सलाच प्राप्तिकर भरायचा, आणि ज्या कंपन्यांची पंचवीस टक्क्यांहून अधिक उलाढाल मोनॅकोबाहेर होते त्यांच्या नफ्यावर कर लागायचा. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना आणि इतर देशांच्या रहिवाशांना सवलत कायम राहिली. ही तडजोड होती. ज्याच्या हातात वेशीची किल्ली होती त्याच्या बाजूला झुकलेली. मधल्या काळात, १७ डिसेंबर १९६२ रोजी, मोनॅकोला नवी राज्यघटनाही मिळाली, जिने फाशीची शिक्षा रद्द केली आणि स्त्रियांना मताधिकार दिला. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी ही घटना त्या वर्षातली सर्वांत दूरगामी गोष्ट होती, असे मला वाटते, आणि चित्रपटाचे कथानक तिच्यावर उभे नाही.

मग ते कशावर उभे आहे? एका समारंभावर. चित्रपटात ग्रेस रेडक्रॉसच्या मदतनिधीसाठी भव्य मेजवानी आयोजित करते, त्या मेजवानीला खुद्द द गॉल येतात, ऑपेरा गायिका मारिया कॅलास गाते, आणि मग ग्रेस प्रेम आणि चांगुलपणा यांवर एक भाषण करते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा द गॉलना विचारतात, की आता तुम्ही प्रिन्सेस ग्रेसवर बाँब टाकणार नाही ना? सभागृह हेलावते, पेच सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात १९६२ च्या संकटात द गॉल अशा कुठल्याही मेजवानीला आले नव्हते. ते मोनॅकोच्या अधिकृत भेटीवर आले होते ते १९६० साली, संबंध बिघडण्यापूर्वी. ग्रेस मोनॅको रेडक्रॉसची अध्यक्ष होती हे खरे, रेडक्रॉसचा वार्षिक समारंभ होत असे हेही खरे, कॅलास आणि ग्रीक जहाजमालक ओनासिस यांची मोनॅकोत ऊठबस होती हेही खरे. सुटे मणी सगळे खरे आहेत, त्यांतून ओवलेला दोरा रचलेला आहे. तीच गोष्ट रेनिएची बहीण आंत्वानेत हिची. भावाच्या जागी आपल्या मुलाला बसवण्याची कारस्थाने तिने केली होती खरी, पण त्यांचा काळ ग्रेस मोनॅकोत येण्यापूर्वीचा आहे. चित्रपट ती उचलून १९६२ मध्ये आणतो, म्हणजे घरातच फितूर सापडतो आणि नायिकेला तो उघड करता येतो.

काळाची अशी उलथापालथ प्रत्येक ऐतिहासिक कलाकृती थोडीफार करते, आणि मी त्याबद्दल तक्रार करत नाही. तक्रार आहे ती तिच्या परिणामाबद्दल. एका भाषणाने नाकेबंदी उठली असे दाखवले, की दोन गोष्टी एकदम झाकल्या जातात : करारातली खरी तडजोड, आणि ग्रेसची खरी हार. तिला हवे असलेले काम तिला करता आले नाही. चित्रपट म्हणतो, की तिने त्याहून मोठी भूमिका स्वीकारली. तिचा मार्गदर्शक धर्मगुरू तिला राजकन्या ही एक भूमिका म्हणून निभावायला सुचवतो आणि ती तसे करून जिंकते. असे म्हटल्याने काम सुटण्याची वेदनाच नाहीशी होते, कारण मग ते सुटलेच नाही, फक्त रंगमंच बदलला, असे ठरते. नोकरी सोडावी लागलेल्या बाईला ‘आता घर हेच तुझे खरे काम’ असे सांगणारे नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

या चित्रपटात पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. निकोल किडमनचा चेहरा छायाचित्रकार एरिक गोतिए इतक्या जवळून टिपतो, की कपाळावरची एखादी शीर किंवा पापणीची थरथर हाच प्रसंग होऊन बसतो. डेरेक जॅकोबी यांनी रंगवलेला एक वृद्ध उमराव ग्रेसला दरबारी रीतिरिवाज शिकवतो, तो भाग तर अतिशय चांगला आहे. तो तिच्यासमोर एकेका भावनेचे नाव लिहिलेली पाटी धरतो आणि ती चेहऱ्यावर ती भावना आणून दाखवते. पहिल्या पाट्यांना ती सरावलेल्या अभिनेत्रीसारखी सहज उत्तर देते, आणि पुढे पुढे ती करते आहे की भोगते आहे हे सांगता येत नाही. अभिनयाचे कौशल्य दरबारात किती उपयोगी पडते आणि किती एकटे पाडते, हे त्या एका प्रसंगात आहे. दहान यांनी आधी एदित पियाफ या गायिकेवर चित्रपट केला होता आणि त्यातल्या भूमिकेसाठी मारियों कोतियारला ऑस्कर मिळाले होते. कलावंत स्त्रीच्या चेहऱ्याकडे कसे पाहावे हे त्यांना कळते. अराश अमेल यांच्या पटकथेने मात्र त्यांना राजनैतिक थरारकथेत अडकवले, असे माझे मत आहे.

चित्रपटाचे पुढे काय झाले, तेही या प्रकारच्या चित्रपटांचे व्यवहार कळण्यासाठी उपयोगी आहे. अमेरिकेतले वितरक हार्वी वाइनस्टीन आणि दहान यांच्यात अंतिम संकलन कोणाचे, यावरून वाद झाला, ठरलेले प्रदर्शन लांबणीवर पडले, आणि अखेर मे २०१४ मध्ये कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट म्हणून तो दाखवला गेला. समीक्षकांनी त्याला झोडपले. अमेरिकेत तो चित्रपटगृहांत लागलाच नाही; मे २०१५ मध्ये लाइफटाइम वाहिनीवर आला. ग्रेसच्या तिन्ही मुलांनी, म्हणजे आल्बर्ट, कॅरोलिन आणि स्तेफनी यांनी, २०१३ सालीच पत्रक काढून हा चित्रपट चरित्र नव्हे असे सांगितले होते आणि त्यात इतिहासाची चूक मांडणी असल्याचा आक्षेप घेतला होता. कानच्या उद्घाटनाला ते गेले नाहीत. ‘सत्य घटनांवरून स्फुरलेली काल्पनिक कथा’ अशी ओळ चित्रपटाच्या आरंभी आहे.

या ओळीचा नेमका उपयोग काय, असा प्रश्न पडतो. कायद्याच्या दृष्टीने, घडलेल्या घटनांवर कोणाची मालकी नसते. कोणाच्याही आयुष्यातल्या जाहीर गोष्टी घेऊन चित्रपट करता येतो. अडचण येते ती रचलेल्या गोष्टी खऱ्या म्हणून दाखवल्या, तर. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक कायद्यांनुसार मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा वारसांना सहसा लावता येत नाही. आपल्याकडे मात्र भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच मृत व्यक्तीचा उल्लेख होता : ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, तर ती बदनामी ठरू शकते. नव्या न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणून भारतीय चरित्रपटात नावे बदललेली दिसली, तर ते भित्रेपणाचे लक्षण आहे असे लगेच समजू नये. नाव बदलल्याने मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक कशी वापरली हे पाहावे.

‘झुबेदा’त ती फार जबाबदारीने वापरली आहे. झुबेदा बेगम ही मुंबईतली अभिनेत्री. चित्रपटसृष्टीत तिचे काम फार काळ टिकले नाही. जोधपूरचे महाराज हनवंत सिंह यांच्याशी तिने लग्न केले, आणि २६ जानेवारी १९५२ रोजी विमान कोसळून दोघांचाही मृत्यू झाला. हनवंत सिंह स्वतः विमान चालवत होते आणि अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसविरुद्ध ते उभे होते, आणि मतमोजणीच्या दिवसांतच हा अपघात झाला. राजस्थानचे मातब्बर काँग्रेस नेते जयनारायण व्यास यांचा त्यांनी पराभव केल्याचे निकालांतून स्पष्ट झाले. येथे एक खुलासा करतो, कारण अनेकांचा यात घोटाळा होतो. १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही वेगळी. ती सचिन नावाच्या संस्थानाच्या नवाबाची मुलगी होती आणि तिचे लग्न हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात झाले. दोन्ही झुबेदा राजेरजवाड्यांच्या जगाशी जोडलेल्या असल्यामुळे त्यांची आयुष्ये एकमेकींत मिसळून लिहिली जातात.

बेनेगल यांच्या चित्रपटात जोधपूरचे फतेहपूर झाले आहे आणि हनवंत सिंहांचे विजयेंद्र सिंह. ही भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आहे, झुबेदाची करिश्मा कपूर यांनी, आणि थोरल्या राणीची रेखा यांनी. पटकथा खालिद मोहम्मद यांची आहे. ते झुबेदाचे, तिच्या पहिल्या लग्नाचे पुत्र. त्यामुळे या चित्रपटाची रचनाच वेगळी झाली. कथा सुरू होते ती रियाझ नावाच्या पत्रकारापासून. आई राजाशी लग्न करून गेली तेव्हा तो आजीजवळ राहिला, आणि आता मोठेपणी तो तिच्याबद्दल माणसांना विचारत फिरतो. कोणी सांगते, कोणी टाळते, कोणी आठवणीला स्वतःच्या सोयीचा रंग देते. अशा रचनेमुळे प्रेक्षकाला सतत जाणीव राहते, की समोर दिसते आहे ते कोणाच्या तरी तोंडून आलेले आहे. मोनॅकोच्या चित्रपटाला एका ओळीच्या खुलाशाने जे साधले नाही, ते इथे कथनाच्या पद्धतीनेच साधले आहे.

आणि इथे काम सुटण्याचा प्रश्न पहिल्याच टप्प्यात येतो, तोही राजाच्या हातून नव्हे, वडिलांच्या हातून. अमरीश पुरींनी केलेले सुलेमान सेठ स्वतः चित्रपटनिर्माते आहेत. मुलीने मात्र पडद्यावर नाचू नये असे त्यांना वाटते. ते स्टुडिओत येतात, चित्रीकरण थांबवतात आणि तिला घरी घेऊन जातात. दुसऱ्यांच्या मुलींना कॅमेऱ्यासमोर उभे करून पैसे मिळवणाऱ्या माणसाची ही दुटप्पी प्रतिष्ठा चित्रपट आवाज न चढवता दाखवतो. त्यानंतर झुबेदाच्या आयुष्यातले प्रत्येक नाते हे अर्धवट राहिलेल्या त्या कामाची भरपाई शोधत आलेले आहे, असे मला तो चित्रपट पाहताना वाटते. राजवाड्यात ती आनंदी नसते, कारण तिथे तिला करण्यासारखे काही नसते. निवडणुकीच्या प्रचारातही थोरली राणी महाराजांबरोबर असते, आणि शेवटच्या विमानप्रवासाला आपल्यालाच न्यावे, हा झुबेदाचा हट्ट या दुखण्यातून येतो.

थोरली राणी आणि धाकटी राणी या नात्यामागचा कायदाही आजच्या वाचकाला सांगायला हवा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा येईपर्यंत हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला देशभर सरसकट बंदी नव्हती. मुंबई प्रांताने १९४६ सालीच द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा केला होता, पण तो राजस्थानात लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मुंबईत वाढलेली झुबेदा ज्या घरात गेली, तिथे तिचे स्थान ठरवणारा कायदा तिच्या शहरापेक्षा वेगळा होता. शिवाय संस्थाने नुकतीच विलीन झाली होती, महाराजांकडे पदवी होती पण राज्य नव्हते. म्हणजे जी सत्ता ओसरत चालली होती तिच्यात ती उशिरा आणि दुय्यम जागेवर दाखल झाली. रेखा यांनी थोरल्या राणीला खलनायिका होऊ दिलेले नाही, आणि त्यामुळे हा ताण माणसांचा न राहता व्यवस्थेचा होतो.

श्याम बेनेगल यांच्याकडे या विषयाचा अनुभव जुना होता, आणि त्याचे मूळ मराठीत आहे. १९७७ चा ‘भूमिका’ त्यांनी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून केला. तिथे राजघराणे नाही, पण घर, पुरुष आणि चित्रपटाचे काम यांच्या ओढाताणीत सापडलेली कमावती स्त्री तीच आहे. हंसाबाईंनी आपली बाजू स्वतःच्या शब्दांत, कोणाची भीड न धरता लिहून ठेवली, हा मोठा फरक. झुबेदाच्या बाबतीत मुलाची शोधाशोध हाती आली. ग्रेसने आत्मचरित्र लिहिले नाही. तिच्या नावावरचे पुस्तक आहे ते फुलांवरचे, १९८० सालचे. स्वतःचे लेखन, मुलाची आठवण, आणि वर्तमानपत्रांतून जमवलेली माहिती या तीन उगमांतून आलेले चित्रपट एका रांगेत ठेवले, तर उगम जितका दूर, तितकी रचलेल्या प्रसंगांची गरज अधिक, हे स्पष्ट दिसते.

दूरचित्रवाणीसाठी केलेल्या अशा चित्रपटांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ग्रेसच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९८३ च्या आरंभी, शेरिल लॅडला घेऊन केलेला एक चित्रपट अमेरिकेत दाखवला गेला. मेगन मार्कल आणि प्रिन्स हॅरी यांच्यावरचा लाइफटाइम वाहिनीचा चित्रपट तर १९ मे २०१८ च्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यातच प्रसारित झाला. म्हणजे चरित्र घडायच्या आतच चरित्रपट तयार. त्यांत बातम्यांमधून परिचित झालेले क्षण नटांकरवी पुन्हा करून दाखवलेले असतात, आणि प्रेक्षकाची उत्सुकता भागवण्यापलीकडे त्यांचा हेतूही नसतो.

ग्रेस केलीच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी वर्षे १९६२ च्या पुढची आहेत. १९७६ साली ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओच्या संचालक मंडळावर गेली. ज्या उद्योगाने एकेकाळी तिला पगाराविना घरी बसवले होते, त्या उद्योगात ती निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूला बसली. त्याच वर्षी एडिंबरा महोत्सवात तिने रंगमंचावर कवितावाचन केले आणि पुढे अशा वाचनाचे कार्यक्रम अनेक ठिकाणी केले. १९७७ साली लेनिनग्राडच्या नृत्यशाळेवरच्या माहितीपटाला तिने निवेदन दिले, आणि त्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. रॉबर्ट डॉर्नहेल्म या दिग्दर्शकाबरोबर मोनॅकोतच तिने एक छोटा विनोदी चित्रपटही सुरू केला होता, जो १४ सप्टेंबर १९८२ रोजी, मोटार अपघातानंतर दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला तेव्हा अपुरा होता. म्हणजे काम सुटल्यावर वीस वर्षे तिने ते वेगवेगळ्या वाटांनी परत मिळवण्याचा प्रयत्न चालू ठेवला होता, आणि त्यांतल्या काही वाटा तिला सापडल्याही होत्या. दहान यांचा चित्रपट १९६२ ला थांबतो आणि तिला मेजवानीच्या सभागृहात विजयी सोडून देतो. संचालक मंडळाच्या बैठकीत बसलेली, हातात कवितेची वही घेऊन रंगमंचावर उभी राहिलेली, पन्नाशीतली ग्रेस त्यात नाही, आणि एखाद्या दिग्दर्शकाने यापुढे तिच्यावर चित्रपट करायचा ठरवला तर सुरुवात तिथून करावी, असे मला मनापासून वाटते.